सुतळीचा मध्य

ताटाच्या डाव्या बाजूपासून सुरुवात करते, कारण सगळं तिथेच वाढलेलं होतं आणि मला दिसलं नाही.

डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. सासूबाईंनी शिकवलं तसंच मी एकावन्न वर्षं वाढत आले आहे. यंदा होळी होऊन तीन-एक आठवडे झाले आणि नंदकुमार ताटाची डावी बाजू तशीच टाकून उठायला लागले. लिहिताना नाव घेते. बोलताना मी अजून 'अहो'च म्हणते.

"अहो, चटणी तशीच राहिली."

"कुठाय?"

"समोर. ताटात."

मग ते मान वळवून बघायचे आणि म्हणायचे, "असू दे गं, पोट भरलं."

कारळ्याची चटणी म्हणजे या माणसाचा जीव. ती टाकून उठले म्हणजे माझ्यावर राग आहे, असं मी धरून चालले. रागाला कारणही होतं. मुलगा मुकुल आणि ते यांच्यात गाडीवरून वाजलं होतं, आणि मी त्या वेळी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

मुकुल, सून गंधाली आणि सहा वर्षांची नात अबोली कांदिवलीला राहतात. अबोलीला शाळेतून आणायचं काम आजोबांचं. दुपारी साडेबाराला आमची आठ वर्षं जुनी गाडी घेऊन निघायचे, तिला मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवायचे, कारण खिडकीतून तिला फुगेवाला दिसतो, आणि आमच्याकडे बोरीवलीला घेऊन यायचे. संध्याकाळी गंधाली तिला न्यायची.

मार्चअखेरीस गाडीचा डावा आरसा तुटला. मग डाव्या दारावर लांबलचक ओरखडा आला. नंदकुमार म्हणाले, पार्किंगमध्ये कोणीतरी घासून गेलं. पुढच्या आठवड्यात दुसरा ओरखडा. मुकुलनं बघितलं आणि तो सरळच बोलला, "बाबा, सत्त्याहत्तर झाली. आता बस झालं."

आता हे कोणाला सांगत होता? ज्या माणसानं तीस वर्षं शहरातल्या बसचे ड्रायव्हर तयार केले त्याला. ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणत. आम्ही अठ्ठ्याहत्तर साली बोरीवलीला आलो तेव्हा लिंक रोडचा पत्ताही नव्हता, गोराईच्या खाडीकडे जायला कच्ची वाट होती, आणि रविवारी मास्तर तिथे रिकामी बस नेऊन पोरांचा सराव घ्यायचे. मी डबा घेऊन जायची. एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतीवर दोन खिळे, त्यांच्यामध्ये ताणून बांधलेली सुतळी, आणि समोर घामाघूम झालेला कोणीतरी नवा उमेदवार. मास्तर म्हणायचे, "मोजायचं नाही. नुसत्या डोळ्यांनी मध्य धर." तो बोट ठेवायचा. मग मास्तर सुतळी सोडवायचे, बोट होतं तिथे दुमडायचे आणि दोन्ही टोकं त्याच्या नाकासमोर धरायचे. टोकं जुळली तर बस. नाही जुळली तर एकच वाक्य, "ज्याला मध्य कळत नाही त्याला गाडी मिळत नाही." कितीजण त्या सुतळीवरून घरी गेले असतील! एकदा मीही गंमत म्हणून बोट ठेवलं होतं. दोन बोटं चुकले. तीन दिवस चिडवत होते.

तर अशा माणसाला मुलानं बस झालं म्हटलं.

"मी नाही चुकत," ते म्हणाले. "गाडी चुकतेय. समोर दिवा लागलाय तो दिसत नाही तुला?"

दिवा खरंच लागला होता. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा. आमचा मेकॅनिक व्हिक्टर याला फोन केला. त्याचं गॅरेज गोराईच्या रस्त्याला, घराला लागूनच. त्याचे वडील डेन्झिल हे मास्तरांच्या हाताखाली शिकलेले ड्रायव्हर, त्यामुळे व्हिक्टरही त्यांना मास्तरच म्हणतो. त्यानं स्कॅनर लावून सांगितलं, स्टीअरिंग अँगल सेन्सर गेलाय. स्टीअरिंग किती वळलंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा तो भाग. तो चुकीचं सांगायला लागला की गाडी गोंधळते.

नंदकुमारांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कोर्टात निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

मुकुल फोनवर म्हणाला, "ठीक आहे. सेन्सर बदला. गाडी नीट चालली तर बाबा चालवतील, मी परत विषय काढणार नाही. नाही चालली तर किल्ली माझ्याकडे. आई, तू साक्षीला."

"चालेल," मी म्हटलं. आणि मनात ठरवून टाकलं, की या वेळी यांची बाजू सोडायची नाही.

शनिवारी सकाळी दहाला गॅरेजमध्ये पोचलो. गाडी व्हिक्टरच येऊन घेऊन गेला होता; आम्ही रिक्षानं गेलो. त्याची बायको बेटी हिनं मला घरात ओढलं, पण मी आधी दारात उभी राहून बघत होते. व्हिक्टरनं बॅटरीची वायर काढली आणि दहा मिनिटं नुसता बसला.

"हे काय रे, सुट्टी?" मी विचारलं.

"आंटी, स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असते ना. लगेच हात घातला तर तोंडावर फुटेल. आधीच तोंड कुठे चांगलंय!"

मग त्यानं एअरबॅग काढली, नट सैल केला, खडूनं खूण केली आणि स्टीअरिंग उपसून बाजूला ठेवलं. आत चहाच्या बशीएवढी काळी प्लास्टिकची चकती होती, मधोमध भोक. "हाच तो. यानंच सगळी वाट लावली." नवी चकती बसवली, स्टीअरिंग खुणेवर परत चढवलं.

"झालं?" मी म्हटलं.

"कुठे झालं! नवा सेन्सर म्हणजे पहिलीत घातलेलं पोर. त्याला सरळ म्हणजे काय तेच माहीत नाही. चाकं सरळ ठेवायची, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि स्कॅनरवरून सांगायचं, बाबा रे, हे तुझं शून्य. मग तो जन्मभर तिथून मोजणार." तो मास्तरांकडे वळला. "या मास्तर. बसा."

ही त्या गॅरेजची रीत होती. डेन्झिलपासूनची. कुठल्याही गाडीचं स्टीअरिंग काढलं आणि मास्तर जवळपास असले, तर सरळ कुठे ते मास्तरांनी सांगायचं. ते चालकाच्या जागी बसत, थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवत आणि म्हणत, "सरळ." त्यानंतर कोणी तपासत नसे. व्हिक्टर एकदा मला म्हणाला होता, "आंटी, पप्पांनी एकदा दोरी लावून बघितलं होतं मास्तरांचं सरळ. मास्तर आठ दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी."

नंदकुमार रुबाबात आत बसले. व्हिक्टर उघड्या दाराशी बुटक्या स्टुलावर, मांडीवर स्कॅनर, मान खाली. बेटीनं हाक मारली म्हणून मी आत गेले. मागून आवाज आला, "सरळ." आणि व्हिक्टरचा, "ओके मास्तर, शून्य घेतलं." पिवळा दिवा विझला म्हणून दोघांनी टाळी दिली तीही मी ऐकली.

चहा झाल्यावर गाडी रस्त्यावर काढून बघायची ठरली. चालवायला व्हिक्टर, शेजारी नंदकुमार, मागे मी. आपसूक डावीकडे, अबोलीच्या जागेवर बसले. गाडी छान चालली होती. पुढे रस्ता उजवीकडे वळतो, तिथे डाव्या कडेला कोळणी बसतात. व्हिक्टरनं वळण घेतलं आणि गाडीखाली कर्रकर्र असा आवाज झाला, कोणी पाय धरून ओढावं तशी गाडी डावीकडे ओढली गेली. व्हिक्टर ओरडला. समोर टोपली, टोपलीमागे हिरवं लुगडं, एवढंच मला दिसलं. मग धक्का बसला आणि गाडी टोपलीच्या अलीकडे थांबली.

कोळीण टोपलीपासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं व्हिक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "डोळं हायत का बटनं?"

व्हिक्टरचे ओठ पांढरे पडले होते. "मी ब्रेक नाही मारला," तो म्हणाला. "पहिल्यांदा मी नाही मारला, मास्तर. गाडीनं आपणहून मारला. एका बाजूचाच."

"मग?" नंदकुमार म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "मी काय सांगत होतो? गाडीतच खोट आहे. लाव फोन मुकुलला."

आणि मी लावला. "ऐक, तुझ्या बाबांची काही चूक नाही. गाडी स्वतःच डावीकडे ओढते. व्हिक्टर चालवत होता, मी डोळ्यांनी बघितलं." इतक्या जोरात बोलले की कोळीणही गप्प झाली.

हळूहळू गाडी गॅरेजमध्ये आणली. व्हिक्टर स्वतः आत बसला, स्टीअरिंग धरलं आणि स्कॅनरकडे बघत राहिला.

"सरळ धरलं तरी अकरा अंश दाखवतोय. डावीकडे अकरा."

"डुप्लिकेट माल," नंदकुमार म्हणाले. "दुकानदारानं टोपी घातली तुला."

"सीलबंद होता हो मास्तर." त्यानं डोकं खाजवलं. "मीच शून्य घेताना काहीतरी घोळ केला असणार. परत घेऊ. या, बसा."

या वेळी मी आत गेले नाही. गाडीच्या पुढ्यात, बॉनेटपासून चार पावलांवर उभी राहिले. व्हिक्टर स्कॅनर घेऊन पलीकडच्या सीटवर बसला. नंदकुमारांनी स्टीअरिंग धरलं. थोडं इकडे, थोडं तिकडे. मग हात थांबले, हनुवटी वर झाली. चाळीस वर्षांपूर्वी बसमध्ये व्हायची तशीच.

"सरळ."

पुढची दोन्ही चाकं माझ्या डोळ्यांसमोर तिरकी होती. फार नाही, पण अडाण्यालाही कळावं इतकी. स्टीअरिंगच्या मधलं कंपनीचं चिन्ह कलंडलं होतं, भिंतीवरची तसबीर कलते तसं. उजवीकडे.

व्हिक्टरचं बोट स्कॅनरवर अधांतरी राहिलं. तो स्टीअरिंगकडे बघत होता. मग काचेतून माझ्याकडे बघायला लागला.

"दाब की रे," नंदकुमार म्हणाले. "सरळ आहे."

"मास्तर... एकदा बघता का परत?"

"काय बघायचं? डेन्झिलच्या पोरानं मला सरळ शिकवायचं?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. खरंच वाटलं. मी हसलेसुद्धा. पण त्यांचा चेहरा इतका निवांत होता की हसू तोंडातच गोठलं. त्या चेहऱ्याला समोरचं तिरकं दिसत नव्हतं. आणि त्याच क्षणी मला ताट दिसलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं डावीकडे. आरसा डावा. ओरखडे डावे. गेले आठ दिवस डाव्या गालावर राहून जाणारी दाढी, जी मी म्हातारपणाचा आळस म्हणून सोडून दिली होती. हा माणूस माझ्यावर रुसला नव्हता. त्याच्या जगातून डावी बाजूच निघून गेली होती, आणि गेली हेही त्याला ठाऊक नव्हतं.

मी बॉनेटवर हात टेकला.

"अहो," मी म्हटलं, "उतरा जरा."

"का?"

"सुतळी लावायचीय."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कोणाला?"

"तुम्हाला."

व्हिक्टर काही बोलणार होता. मी हातानं गप्प केलं. नंदकुमार उतरले. रागावले होते, पण सुतळीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उलट म्हणाले, "लाव. लाव बिनधास्त. मग मुकुललाही पाठव फोटो."

बेटीनं घरातून सुतळीचा गुंडा आणला. भिंतीला हत्यारं टांगायचे खिळे होते, त्यातल्या दोन खिळ्यांना व्हिक्टरनं हात-दीड हात सुतळी ताणून बांधली. नंदकुमार समोर उभे राहिले. मोजलं नाही. नुसत्या डोळ्यांनी बघितलं आणि एका झटक्यात बोट ठेवलं.

बेटीनं तोंडावर हात नेला.

बोट उजव्या खिळ्याजवळ होतं. मधोमध सोडाच, मध्यापासून उजवीकडे वीतभर दूर.

"हा मध्य," ते म्हणाले.

व्हिक्टर त्यांच्यापुढे उभा होता, सव्वापाच फुटांचा पन्नाशीचा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं सुतळी सोडवली. बोट होतं तिथेच चिमटीत धरून दुमडली आणि दोन्ही टोकं मास्तरांच्या हातात दिली. नजरेपुढे नाही धरली, हातात दिली. ते त्याला कसं सुचलं देव जाणे.

नंदकुमारांनी बोटांनी एक भाग चाचपला. मग दुसरा. परत पहिला. एक लांब होता, एक जेमतेम चार बोटं. ते पुनःपुन्हा चाचपत राहिले. डोळ्यांनी जे दिसत नव्हतं ते बोटांना कळत गेलं, आणि चेहऱ्यावरचा तो निवांतपणा पापुद्र्यासारखा सुटत गेला. मी त्यांना बापाच्या मयताच्या वेळी बघितलं आहे, गिरणीतल्या भावाची नोकरी गेली तेव्हा बघितलं आहे. इतकं भ्यालेलं कधी बघितलं नव्हतं.

"वसुधा," ते म्हणाले. पन्नास वर्षांत चारचौघांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. "मी अबोलीला घेऊन येत होतो."

"हो."

"रोज."

"हो हो. चला आता."

त्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढली आणि व्हिक्टरच्या स्टुलावर ठेवली. "ज्याला मध्य कळत नाही..." एवढंच म्हणाले.

व्हिक्टरनं शेजाऱ्याची गाडी मागून घेतली आणि थेट हॉस्पिटल गाठलं. वाटेत मुकुलला फोन केला तेव्हा मघाच्या फोनवरचं माझं बोलणं माझ्याच कानात वाजत होतं. स्कॅनमध्ये दिसलं ते डॉक्टरांनी बोटानं दाखवलं: कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये, उजव्या बाजूला, साचलेलं जुनं रक्त. उजवा मेंदू दबला की डावीकडचं भान जातं, असं त्या म्हणाल्या. विचारलं, "महिना-दीड महिन्यात डोक्याला काही लागलं होतं का?"

"नाही," मुकुल म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

होळीला पुरणयंत्र माळ्यावर होतं. मीच म्हटलं होतं काढून द्या. उतरताना माळ्याच्या दाराची कड लागली. रक्त नाही, टेंगूळसुद्धा नाही. मी बर्फ लावला आणि म्हटलं, डोकं घट्ट आहे, दाराचंच काही झालं असेल. दोघं हसलो. मग पुरणपोळ्या झाल्या.

"इतक्या छोट्या माराने?" मुकुलनं विचारलं.

"या वयात तेवढा पुरतो. हळूहळू झिरपतं," डॉक्टर म्हणाल्या. "अजून दोन आठवडे गेले असते तर कठीण होतं. तुम्हाला लक्षात कसं आलं?"

काय सांगणार? मुकुलनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गाडीच्या सेन्सरनं सांगितलं." त्यांना वाटलं, म्हातारीला धक्का बसलाय. बसलाच होता.

त्याच संध्याकाळी कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या ताटलीतली डावीकडची कोशिंबीर त्यांनी चमच्यानं उचलली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "मीठ नाही." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

सहा महिने गाडीला हात लावायचा नाही, आणि नंतरही तपासणी करूनच, असं डॉक्टरांनी सांगितलं. नंदकुमारांनी वाद घातला नाही. मुकुललाच म्हणाले, "सहा महिन्यांनी तूच सुतळी बांध."

मेच्या शेवटी व्हिक्टर आमची गाडी हळूहळू चालवत सोसायटीत घेऊन आला. शून्य अजून चुकीचंच होतं. त्याला गॅरेजमध्ये दोन मिनिटांत घेता आलं असतं, पण त्यानं घेतलं नव्हतं.

"मास्तर, बसता का?"

नंदकुमार डोक्यावर टोपी घालून खाली आले होते. टोपीखाली केस नुकते उगवत होते. स्टीअरिंगमागे बसले. थोडं इकडे, थोडं तिकडे. बराच वेळ लावला. एरवी इतका वेळ लावत नसत.

"सरळ," ते म्हणाले. व्हिक्टरचं बोट सवयीनं पुढे गेलं. "थांब! दाबतोस काय? दोरी लाव आधी."

"मास्तर, तुम्ही सांगितलंत ना..."

"मी सांगितलं म्हणून तर लाव. तुझ्या बापाशी मी आठ दिवस बोललो नव्हतो, ती माझी चूक होती."

व्हिक्टरनं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, दोन्ही बाजूंनी. वाकून, निजून बघितलं. उठला, हात झटकले. "केसाचाही फरक नाही." मग बटण दाबलं.

एक चक्कर मारून यायचं ठरलं. व्हिक्टर चालवायला, नंदकुमार शेजारी. मी मागे, अबोलीच्या जागी. परत येऊन गाडी फाटकातून आत शिरताना मी खिडकीतून बघितलं. फाटकाच्या डाव्या खांबावर आमच्या गाडीच्या रंगाचे पट्टे होते. एक नाही, दोन नाही, एकावर एक कितीतरी. भाजी घेऊन त्या खांबाजवळून मी रोज ये-जा केली आहे. तिथे उभी राहून अबोलीला टाटा केला आहे.

सगळ्यात वरचा पट्टा खिडकीच्या काचेपाशी संपत होता. पोर सीटवर बसली की तिचं डोकं जिथे येतं, बरोबर तिथे.